शिकारीहून परत

शरद लागला की टार्मो एल्क हरणांच्या शिकारीला जायचा आणि दरवेळी जंगलातल्या चिवट एल्कमाश्या, म्हणजे पंख गाळून अंगावर सरपटणाऱ्या चपट्या माश्या, घेऊन यायचा. यंदा त्याच्या शर्टाच्या कॉलरखाली एक चपटा, तांबूस किडा सरपटताना दिसला आणि त्याची बायको मार्युत किंचाळली.

"शी! काढ तो शर्ट आधी!"

"अगं, रोज रात्री तंबूत झोपलो की माश्या चिकटणारच," म्हणत शर्ट तिथेच टाकून तो सौनात, घरातल्या वाफेच्या न्हाणीत, शिरला.

पण असली माशी तिने कधी पाहिली नव्हती. शर्ट चिमट्यात धरून तिने किड्याचा फोटो काढला आणि शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या बहिणीला पाठवला.



लगेच उत्तर आलं, "ईऽऽ, हा तर ढेकूण! कुठल्या लॉजच्या गादीवर लोळून आलात गं दोघं?"