बाबांची उबदार जमीन

आइली पोटावर सरपटत घराखाली शिरली तेव्हा वर पहिले पाहुणे दारात बूट काढत होते.

"चारच झरोके आहेत," आई पायथ्याच्या झडपेशी वाकून म्हणाली. "बोळे उपस आणि बाहेर ये. बैठकीत अळंबीचा वास मारतोय. आज सेन्याताईला शाळा पास झाल्याची पांढरी टोपी मिळाली, आणि लोक नाकाला रुमाल लावून बसणार!"

"सांग ना, सूप केलंय म्हणून."

"शहाणपणा पुरे. फ्रॉक इस्त्री करून ठेवलाय."

सोळा वर्षांची आइली घरात सगळ्यांत किडकिडीत, म्हणून हे काम तिच्या गळ्यात. खरं तर झरोके पहिल्या हिमाला बुजवायचे आणि बर्चची पानं उंदराच्या कानाएवढी झाली की उघडायचे, म्हणजे घराखालची ओल सुकते, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण दोन वर्षांपूर्वी बाबांनी आतून लोकर ठासली ती ठासलीच. जमीन उबदार राहतेय ना, मग उघडायचं कशाला?

गार, चिकट माती कोपरांना धरून ठेवत होती. पहिला बोळा निघाला. पिळला असता तर वाटीभर पाणी निघालं असतं. दुसरा निघाला तोवर वर पाहुण्यांनी घर भरलं होतं. तिसऱ्याकडे जाताना, बैठकीच्या बरोबर खाली, तिनं विजेरी वर फिरवली.

तुळईवर बुरशीची साय धरली होती. पांढरी, मऊ, एका तुळईवरून दुसरीवर गेलेली. तिच्यावर थेंब होते, घाम फुटल्यासारखे.

बोळे उपसायचा सुरा तिनं तुळईला नुसता टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला. आवाजसुद्धा झाला नाही.

पलीकडच्या तुळईला तिनं बोट लावलं. शिळ्या टोस्टसारखा चौकोनी तुकडा हातात आला.

"मोजेसुद्धा काढा!" वरून बाबांचा आवाज आला. बाबांचा आवाज भिंतींना कधी जुमानत नसे. "मधोमध या, मधोमध! पाय टेकवून बघा. अख्ख्या गावात अशी जमीन दाखवा!"

पावलं मधोमध सरकली. आधी थोडी, मग पुष्कळ. तुळई कण्हली. तपकिरी भुगा आइलीच्या पापण्यांवर पडला.

"बाबा! बाजूला व्हा! सगळे बाहेर पडा!"

फळ्यांखालच्या लोकरीच्या जाड थरानं आणि वरच्या गलक्यानं ते शब्द गिळून टाकले. झडप तीस हात मागे होती आणि तिथे वळायलाही जागा नव्हती. तिनं विजेरी उलटी धरली आणि वरच्या लाकडावर दाणदाण आपटली.

वर पावलं थबकली. मग हशा.

"रेयो, तुझ्या घराखालचा राखणदार बुटका जागा झाला रे!" हा तौनोकाका.

"बुटका कसला, माझी धाकटी आहे ती! आइली, ऐकतोय गं आम्ही!"

तिनं आणखी जोरात ठोकलं. जमेल तसं, जमेल तितकं. काच फुटली, विजेरी विझली, तरी ती अंधारात ठोकत राहिली.

"बघा, ताईला सलामी देतेय पोरगी!" काकाला आता चेवच आला होता. "उत्तर नको द्यायला? चला, टाचा उचला सगळ्यांनी. आजोबा, तुम्हीसुद्धा, टेबलाला धरून! मी म्हणेन तेव्हा एकदम आपटायच्या."

आइलीचा हात थांबला.

वर चाळीस माणसांनी टाचा उचलल्या, आणि सगळं घर शांत झालं.