जामिनाची अट

वाडीतल्या पाण्याच्या पाळीवरून केनीने धाकट्या भावाचं, जेम्सचं डोकं फोडलं. जेम्सने फिर्याद दिली, केनी आत गेला. शेवटी त्याच केळीच्या वाडीचा सातबारा घेऊन दोघांची आई क्लेमेंटीन वसईच्या कोर्टात जामीनदार म्हणून उभी राहिली.

कारकुनाने बजावलं, "केस संपेपर्यंत आरोपीने फिर्यादीशी एक अक्षरही बोलायचं नाही."

"बोलायचं नाही, एवढंच ना?"

"एवढंच."

तिने सही ठोकली आणि केनीला बाहेर आणलं. फाटकाशी डोक्याला पट्टी बांधलेला जेम्स स्कूटर चालू करून थांबला होता. आई मधे बसली, केनी तिच्या मागे. खड्डा आला तसा केनीने हात पुढे टाकून जेम्सचा खांदा धरला.

त्यांचं गाव नंदाखाल येईपर्यंत कोर्टाची अट मात्र कुणी मोडली नाही.