जोडीचं फूल

आईची माणकांची कर्णफुलं दोघी बहिणींनी एकेक वाटून घेतली आणि त्या भांडणात बोलणंही संपलं. आज धाकटी आपलं फूल मोडायला सराफाकडे आली. सारखी खुर्चीवरून उठत होती, बसत होती, फोन काढून पुन्हा पर्समध्ये टाकत होती.

“उरका हो लवकर.”

सराफाने डोळ्याला भिंग लावलं. “असं कोंदण करणारा हात आता राहिला नाही. हे मी मोडणार नाही.”

“एकट्या फुलाचं काय करू? जोडीचं मिळणार नाही.”

“माहितीये. सकाळीच आलं होतं, वितळलंसुद्धा. त्या बाईही अशाच उठत-बसत होत्या. जाताना म्हणाल्या, ‘धाकटी येईल. तिचं तेवढं मोडू नका.’”