ईस्टरची घंटा

दगडाबाईनं ख्रिस्तमंदिराचं दार ठोठावलं आणि तोंड घट्ट मिटून उभी राहिली.

मागं गावच्या ख्रिस्ती बाया होत्या. हातात कबरांवर वाहून उरलेल्या सुवासिक सब्ज्याच्या जुड्या, मुसलमान शेजारणींच्या परसातून मागून आणलेल्या. कबरस्तानातून सगळ्या नुकत्याच परतल्या होत्या. नेवाशाकडच्या त्या गावात ईस्टरची रीत ठरलेली होती. पहाटे बायांनी कबरांवर सब्जा वाहून यायचं, तोवर बाप्यांनी देवळात आतून कडी लावून अंधारात बसायचं. तांबडं फुटलं की बायांची म्होरकी दार वाजवायची. आतून पाळक विचारायचा, कबरीत कोण आहे? बाहेरून जबाब यायचा, कुनी न्हाई, धनी उठला. धनी म्हणजे प्रभू. मग कडी निघायची, घंटा घणघणायची. त्या शब्दाशिवाय सण सुरूच व्हायचा नाही.

"कबरीत कोण आहे?" आतून पाळक सूर्यभानचा आवाज आला, चांगला खणखणीत. नगरहून थोरले पाळक आले होते, या पोरसवदा पाळकाला दीक्षा द्यायची का नाही ते ठरवायला.

दगडाबाई बोलली नाही.

लढाईच्या दिवसांत गावाला पाळक मिळेना, तेव्हा उपदेश हिनंच केले होते, मेलेल्यांना मातीही हिनंच दिली होती. सूर्यभान आल्यावरही उपासनेत ती चार शब्द बोलायला उभी राहायची. गेल्या रविवारी, झावळ्यांच्या रविवारी, अशीच उभी राहिली, तर त्यानं बायबलातलं पौलाचं पत्र उघडलं, बायांनी मंडळीत गप्प राहावं असं लिहिलंय ते बोट ठेवून वाचलं आणि भर उपासनेत म्हणाला, "बाई, खाली बसा." पोरं फिदीफिदी हसली. सुनेदेखत ती खाली बसली. त्या दिवसापासून तिच्या घशाखाली धड घास उतरला नव्हता. आज कबरस्तानात गुडघे टेकून तिनं प्रभूला सरळ सांगून टाकलं होतं की माफ करायचं ते उद्या करीन, आज काही जमायचं नाही.

आतून पुन्हा प्रश्न आला. मग पुन्हा, जरा चिरका. कुणीतरी खोकलं, कुजबूज सुरू झाली. लिंबाच्या शेंड्यावर ऊन आलं. तिची जाऊ राहीबाई कानाशी लागली, म्हणाली की पुरे आता, सणासुदीचं टाक बोलून. दगडाबाईनं नुसती मान हलवली. खोटं कशाला सांगा, तिला गोड वाटत होतं. आतल्याच्या कपाळावरचा घाम तिला दाराआडून दिसत होता आणि आठवड्यात पहिल्यांदाच तिला सडकून भूक लागली होती.

शेवटी कडी निघाली. सूर्यभान उंबऱ्यावर आला, त्याच्या मागं काठी टेकत थोरले पाळक. बाई, लोक ताटकळलेत, म्हणा की, असं सूर्यभान हळूच म्हणाला. दगडाबाईनं ओठांवर बोट ठेवलं. ही काय भानगड म्हणून थोरल्या पाळकांनी विचारलं, तेव्हा राहीबाईनंच झालेलं सगळं सांगितलं, पोरांच्या हसण्यासकट.

थोरले पाळक सूर्यभानकडं बघत राहिले.

"मी मंडळीत म्हणालो होतो," तो घाईघाईनं म्हणाला. "देवळाच्या आत. बाई बाहेर उभ्या आहेत. बाहेर त्यांनी खुशाल बोलावं."

"भाईर चालंल?" दगडाबाईनं विचारलं.

"चालेल."

"आयकलं न्हवं, थोरले बाबा?"

थोरल्या पाळकांनी मान डोलावली. दगडाबाईनं देवळाकडं पाठ केली, अंगणातल्या लिंबाच्या पारावर जाऊन उभी राहिली. बाया तिच्या मागोमाग गेल्या.

"धनी कबरीत न्हाई," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "धनी उठला. आन् उठल्यावर पयली गाठ घेतली ती बाईची. तिला गप ऱ्हा म्हनला न्हाई, जा, सांग म्हनला. बाप्ये तवाबी कडी लावूनच बसले हुते."

देवळात कुणीतरी फिसकन हसलं. या खेपेला हसू सूर्यभानच्या वाट्याचं होतं. मग एकेक बाप्या त्याला वळसा घालून बाहेर यायला लागला. आधी म्हातारे आले, मग तरणे. घंटेच्या दोरीशी बसलेला भीमासुद्धा दोरी सोडून आला. थोरले पाळक धोतर सावरत मातीतच बसले. सूर्यभान तेवढा दारात उरला. बाहेर यावं तर बाईचा उपदेश ऐकावा लागणार, आत जावं तर देऊळ रिकामं.

दगडाबाई पुढं बोलेना. लोक तिच्या तोंडाकडं बघायला लागले. भीमाच्या ध्यानात आलं, तो उठू लागला, पण तिनं त्याला हातानंच थोपवलं.

"पाळकबाबा," ती म्हणाली, "आमचं सांगून झालं. घंटा ऱ्हायली."

सूर्यभाननं थोरल्या पाळकांकडं पाहिलं. ते सब्ज्याची काडी हुंगत बसले होते, मान वर करीनात. तो आत गेला. मग घंटा वाजली, आधी अडखळत, मग नीट.

दगडाबाईनं ती पुरी वाजू दिली. दोरी सोडून तो पुन्हा दारात आला, तिथून अंगणात, लोकांच्या पार मागं येऊन उभा राहिला. तेव्हा कुठं तिनं तोंड उघडलं.

"बाबा," ती म्हणाली, "खाली बसा."