बाबांच्या नूडल्स

"अजून नाही," देवेश फोनवर म्हणाला. "पानाकडे बघायलाही तयार नाहीत."

कृतिकाने फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरला आणि लसणाच्या आणखी चार पाकळ्या ठेचल्या. आधीचा लसूण तिने घाईघाईत करपवून टाकला होता. स्वयंपाकघरभर त्याचा कडवट धूर भरला होता.

"बिरडं?"

"नाही."

"सुकेळी? घरच्या राजेळी केळ्यांची?"

"ती तर सगळ्यात आधी ठेवली. लाडू ठेवला, चहा ठेवला. शांतारामकाकांनी खिशातली तपकिरीची डबी काढून पुढे केली. मी सगळ्यांसमोर हात जोडून सांगितलं, बाबा, वाडी विकणार नाही. शपथेवर."

"तरी नाही?"

"तरी नाही. इथे तळ्यावर पंचवीस माणसं सकाळपासून खोळंबलीयत, कृतिका. उन्हाने डोकं भाजलंय माझं. काका म्हणतात, साडेबारापर्यंत बघू, नाहीतर तसंच आटपून घरी."

"तसंच नाही आटपायचं. मी घेऊन येते. वीस मिनिटं दे."

"नूडल्स? अगं, लोक काय म्हणतील?"

तिने फोन ठेवून दिला. लोकांचं नंतर बघता येईल. बाबा उपाशी राहिले, तर मात्र ते आयुष्यभर आपल्याला टोचत राहणार, हे तिला पक्कं माहीत होतं.

विद्याधर, म्हणजे तिचे सासरे, मागून खाणाऱ्यांतले नव्हतेच. पानात पडेल ते मुकाट्याने खायचं आणि नंदाखाल गावातल्या आपल्या वाडीत पानवेलींना पाणी द्यायला निघून जायचं. सुनेकडे त्यांनी आठ वर्षांत एकच गोष्ट मागितली. एका गुरुवारी सासूबाई भजनाला आगाशीला गेल्या होत्या. कृतिकाने मोबाईलवर बघून स्वतःपुरत्या लसणाच्या नूडल्स केल्या. बटर, लसूण, सोया सॉस, वर तिखटाची चिमूट, सगळा दहा मिनिटांचा खेळ. बाबा दारात येऊन उभे राहिले. मग बशी घेऊन बसले आणि पाची बोटांनी खाल्ल्या. "लिंबू पीळ जरा," म्हणाले. आणि हात धुताना, "हिला सांगू नकोस."

पुढे दर गुरुवारी ते स्वयंपाकघरात येऊन नळाकडे बघत विचारायचे, "ते आपलं लांब-लांब आहे का काही?"

गेल्या आठवड्यातल्या गुरुवारीही विचारलं होतं. कृतिका लॅपटॉपवर ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती. मान न वळवता ती म्हणाली, "उद्या करते, बाबा." ते "बरं" म्हणाले आणि वाडीत गेले. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून घरात जी धावपळ आणि माणसांची ये-जा सुरू झाली, त्यात नूडल्स कुणाला आठवणार? तेव्हापासून घरात लसूण सोललेला नव्हता. शेजारच्या फर्डिनंडकाकांकडून डबे येत होते. नूडल्सचं पाकीट पोह्यांच्या डब्यामागे तसंच पडून होतं.

दहा मिनिटांचं काम होतं. दहा मिनिटं काढली असती, तर काय बिघडलं असतं? तिला स्वतःचा इतका राग आला, की नूडल्सच्या पातेल्याकडे लक्षच राहिलं नाही. झाकण काढलं तर आत लगदा. तिने तो केराच्या टोपलीत ओतला आणि उरलेलं अर्धं पाकीट नव्या पाण्यात सोडलं. सॉसच्या बाटलीचं झाकण चिकटून बसलं होतं. ते फडक्यात धरून पिळताना तिचे डोळे भरून आले. म्हटलं तर धुरानेच.

"लसूण? आज?"

तिची सासू रुक्मिणी दारात उभी होती. आवाज बसलेला, केस नुसते गुंडाळलेले.

"हो, आई."

"शांतारामभाऊजी बोलतील."

"बोलू देत."

रुक्मिणी आत आली. भिंतीला टेकून बघत राहिली. "यांचं कायम असंच," शेवटी म्हणाली. "तोंडाने सांगायचं नाही. आपण ओळखायचं. आणि नाही ओळखलं, तर पानाला हात लावायचा नाही."

कृतिकाने या वेळी आच मंद ठेवली. लसूण सोनेरी झाला, तसा गॅस बंद केला, नूडल्स निथळून त्यात टाकल्या आणि सॉस सोडला.

"लिंबू जास्त पीळ," रुक्मिणी म्हणाली.

कृतिकाने वळून पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"भजनाहून यायचे तर भांडी लख्ख घासलेली असायची. वास कुठे घासणार?"

दोघींनाही हसू आलं आणि ते अर्ध्यावरच राहिलं.

"येता का तळ्यावर?"

"नको. मी घरीच बरी. तू जा, गार होईल."

स्कूटीवर पायांमध्ये डबा धरून कृतिका तळ्यावर पोचली, तेव्हा बारा पंचवीस झाले होते. माणसं वडाच्या सावलीत घड्याळं बघत बसली होती. डब्याचं झाकण उघडताच शांतारामकाकांनी नाक मुरडलं. "लसूण, सूनबाई?" ते आणखी बोलणार होते, पण देवेशने मध्येच हात वर केला.

कृतिका केळीच्या पानापुढे वाकली. बिरडं, सुकेळी, लाडू, सगळं जसंच्या तसं होतं. चहावर साय धरली होती.

"बाबा, उशीर झाला," ती हळूच म्हणाली. "लिंबू जास्त पिळलंय."

तिने चिमूटभर नूडल्स भाताच्या पिंडावर ठेवल्या आणि सगळ्यांबरोबर दहा पावलं मागे सरली. देवेशने आपल्या भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला. वडावरून एक कावळा खाली उतरला.