न घेतलेली लस

"कोरोना पोटातल्या वारेपर्यंत पोचला, म्हणून बाळ आठव्या महिन्यातच काढावं लागलं," डॉक्टरीणबाई सुवर्णाला म्हणाल्या. "तुम्हाला साखर आहे, लस घ्याच म्हटलं होतं. का नाही घेतलीत?"

खाटेशी द्वारकाबाई उभ्या होत्या. दवाखान्याच्या दारातून सुनेला दंडाला धरून त्यांनीच परत नेलं होतं.

"मीच घाबरले, मॅडम," सुवर्णा सासूकडे न बघता म्हणाली.

द्वारकाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पलीकडच्या खोलीत काचेच्या पेटीत नात तग धरून होती.

"खोटं बोलतेय ती," त्या पुटपुटल्या. "मीच अडवलं तिला."

मान खाली घालून त्या बोलणी खायला उभ्या राहिल्या. सुवर्णाने टाके सांभाळत जरा सरकून त्यांना खाटेवर बसायला जागा केली.