उसनी घरघंटी

बँकेच्या ऋतिका मॅडम उंबरा ओलांडून आत आल्या, तेव्हा शकूच्या पुढच्या खोलीत घरघंटी घरघरत होती, दोन शेगड्यांवर तवे तापले होते आणि तांदळाच्या भाकऱ्या टम्म फुगत होत्या. काय तो थाट! यातलं शकूचं स्वतःचं म्हणावं तर फक्त पीठ.

जूचंद्र गावात कुणाकडे मुलगी बघायला पाहुणे येणार म्हटलं की आख्खी आळी धावून येते. एकीच्या कपबशा, दुसरीच्या खुर्च्या, तिसरीचा पंखा. पाहुण्यांची पाठ वळली की ज्याचं त्याच्या घरी. शकूनं भाकरीचा धंदा काढायला सरकारी योजनेत अर्ज केला आणि मॅडम जागा बघायला येणार असा फोन आला, तेव्हा शेजारच्या भागूबाईनं हेच केलं. "रिकाम्या घराला कोन कर्ज देनार?" म्हणाली आणि स्वतःची घरघंटी ढकलत घेऊन आली. मागोमाग आळीतल्या एकीनं शेगड्या आणल्या, दुसरीनं तवे.

कर्ज मिळायलाच हवं होतं. नवऱ्याचं, नथूचं, मिठागराचं काम सुटलं होतं. नायगावच्या बिल्डिंगींमध्ये दोन वेळा पोळ्या लाटायला जाऊन शकूचे गुडघे गेले होते. जिने चढवत नव्हते. आपण घरी बसून भाकऱ्या थापाव्यात आणि बिल्डिंगवाल्यांनी न्यायला यावं, एवढंच तिचं मागणं.

"छान चाललंय की," मॅडम म्हणाल्या. "किती दिवस झाले?"

"दोन वर्सं!" शकूनं ठोकून दिलं.

मॅडमचं पेन थांबलं. "अहो ताई, ही योजना नव्या धंद्यासाठी आहे. चालू धंद्याला यातून कर्ज देता येत नाही."

शकूनं हातातलं उलथनं खाली टाकलं. "नाय ओ मॅडम, खोटं बोलले मी! सगळं उसनं हाय. ही घंटी या भागूबायची. विचारा तिला!"

दारात उभ्या भागूबाईला घंटीच्या आवाजात मॅडमचं फक्त 'कर्ज देता येत नाही' एवढंच ऐकू आलं होतं. तिला वाटलं, पोर ऐन वेळी घाबरून खरं बोलून बसली. पदर खोचून ती पुढे झाली.

"काय पन बोलते ही! चंडिकामातेची शपथ, घंटी हिचीच हाय."

झालं! मग शेगडीवालीनं शपथ घेतली, तवेवालीनंही घेतली. शकू 'उसनं हाय, उसनं हाय' म्हणून कपाळ बडवत राहिली आणि बायका देवीच्या शपथेवर तिला मालकीण करत राहिल्या. मॅडमनी सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं, फाइल मिटली आणि अर्ज बसत नाही म्हणून सांगून त्या निघून गेल्या.

खरा प्रकार कळला तेव्हा भागूबाई मटकन खाली बसली. शकूला रडू फुटलं. राग भागूबाईचा नव्हता, स्वतःच्या जिभेचा होता. थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले, घंटीवरचं पीठ झटकलं आणि ती दाराकडे ढकलू लागली. शेगडीवाली आणि तवेवाली रिकाम्या हातांनीच चपला शोधत होत्या.

भागूबाई उठली आणि दारात वाट अडवून उभी राहिली.

"कुठं नेते ती? देवीची शपथ घेऊन तुझी म्हटली ना मी? आता परत घेऊन चंडिकेपुढं खोटी पडू?"